गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, हेलिपॅड बांधावं का? रविवारी मंडळाची बैठक आहे, जाणकारांनी कृपया सांगावं

जांभ्याचा चिरा

नमस्कार मंडळी. मी लालबागला राहतो, गाव राजापूर तालुक्यात, पाचलच्या बाजूला. गावात साठेक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. जी उघडी आहेत त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. माझे बाबा त्यांतलेच, वय ७६. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं होतं, पण चाळीत त्यांना श्वास घेता येत नाही म्हणतात. चार महिन्यांत परत गेले.

आमचं मुंबईत ग्रामविकास मंडळ आहे, बैठक गावकीच्या खोलीत होते. देवळाच्या सभामंडपासाठी काढलेल्या वर्गणीचे चार लाख दहा हजार रुपये जमलेत. पण यंदाच्या शिमग्यात जे झालं, त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं की देव थांबेल, हे पैसे आधी दवापाण्यासाठी लावू.

झालं ते असं. पालखी देवळात परत जाऊन दोन दिवस झाले होते. माझे धाकटे चुलते, वय ६४, पहाटे पावणेचारला छातीत कळ येऊन उठून बसले. अंगावरची बनियन घामाने भिजलेली. काकूला वाटलं वात असेल, तिने आलं-लिंबू दिलं. साडेचारला चुलतभावाला मुंबईत फोन आला, आणि इथून पुढची चूक गावाची नाही, आमची, मुंबईकरांची. आम्ही चार भावंडं फोनवर एकत्र आलो आणि ठरवून टाकलं की काकांना हेलिकॉप्टरने मुंबईला आणायचं. पैशाचं बघू. इंटरनेटवर नंबर मिळाला. पलीकडचा माणूस म्हणाला, होऊन जाईल, आधी दीड लाख भरा. भरले. मग म्हणाला, उजाडल्याशिवाय उडता येणार नाही. मग म्हणाला, उतरायची जागा कुठली, अक्षांश-रेखांश पाठवा. मग परवानगीचं निघालं. आणि या सगळ्या वेळात आम्ही काकूला दर दहा मिनिटांनी एकच सांगत होतो, ‘त्यांना हलवू नका, हेलिकॉप्टर येतंय.’

पावणेआठला निरोप आला, धुकं आहे, आज जमणार नाही.

तेव्हा कुठे १०८ ला फोन केला. गाडी पस्तीस मिनिटांत वाडीच्या तोंडाशी होती. तालुक्याला ईसीजी निघाला तेव्हा नऊ वाजले होते, रत्नागिरीला पोचले तेव्हा पावणेअकरा. काका वाचले. पण हृदयाची ताकद तीस टक्क्यांवर आली आहे असं डॉक्टर म्हणाले. स्वतःच्या माडांचे नारळ स्वतः चढून पाडणारा माणूस आता पडवीतून अंगणात उतरला तरी खांबाला हात लावून उभा राहतो. भरलेल्या पैशांपैकी काही परत मिळाले, तेही अडीच महिन्यांनी. पण माझं दुःख पैशाचं नाही.

आता मंडळात असं मत आहे की सड्यावर काँक्रीटचं हेलिपॅड बांधू, म्हणजे पुढच्या वेळी जागेचा प्रश्न राहणार नाही. एका ठेकेदाराने साडेतीन लाख सांगितलेत. दुसरं मत, एअर अॅम्ब्युलन्सचं वार्षिक सभासदत्व घ्यावं. मला दोन्ही पटतंय आणि दोन्हीची भीतीही वाटते. या कामातलं कुणी इथे असेल तर मोकळेपणाने लिहा. कटू असलं तरी चालेल.

पर्लकोटा

दादा, मी मूळचा भामरागडचा, सध्या नोकरीला ठाण्यात. आमच्याकडे पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागड बाकीच्या जगापासून तुटतं. अशा दिवसांत गडचिरोलीत पोलिसांच्या हेलिकॉप्टरने अडलेल्या बाळंतिणी आणि अत्यवस्थ माणसं नेलेली आहेत. म्हणून हेलिकॉप्टर म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असं कुणी बैठकीत म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते हेलिकॉप्टर आमच्याकडे येतं, कारण ते जिल्ह्यात आधीच उभं आहे. पोलिसांसाठी आहे, वैमानिक तयार आहे, उतरायच्या जागा त्याच्या पायाखालच्या आहेत. उद्या ते नसेल तर हेलिपॅडवर लोक मिरच्या वाळत घालतील. तुमच्या सड्यापासून सगळ्यात जवळचं हेलिकॉप्टर कुठे उभं असतं, हे आधी विचारा.

परळकर

विम्याचं थोडं सांगतो, कारण वडिलांच्या वेळी मी त्यातून गेलोय. बऱ्याच पॉलिसींत एअर अॅम्ब्युलन्सचं कलम असतं, पण रकमेला मर्यादा असते आणि बहुतेकदा आधी स्वतः भरून मग दावा करावा लागतो. हवाईमार्गे नेणं गरजेचं होतं असं डॉक्टरचं पत्रही लागतं. सभासदत्व घेणार असाल तर तीनच गोष्टी लेखी विचारा: वाडीतून उचलणार की फक्त विमानतळावरून, रात्री काय, आणि पावसाळ्यात काय.

आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कार्डं गावातल्या सगळ्यांची काढली आहेत का? कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी होते. ही कार्डं ऐन वेळी काढायला गेलं की धावाधाव होते.

रात्रपाळी

मी नर्स आहे. आधी परळला अतिदक्षता विभागात नऊ वर्षं, आता सहा वर्षं एअर अॅम्ब्युलन्सवर. राहते वाकोल्याला, म्हणजे रात्री फोन आला की मुंबई विमानतळाच्या कलिन्याच्या बाजूच्या आठ नंबर गेटवर वीस मिनिटांत पोचते. लेख मोठा होणार आहे, पण तुमचं ‘त्यांना हलवू नका’ हे वाक्य वाचून मला झोप लागणार नाही, म्हणून लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट. आपल्याकडे एअर अॅम्ब्युलन्स म्हटलं की डोळ्यांसमोर अंगणात उतरणारं हेलिकॉप्टर येतं. प्रत्यक्षात माझी जवळजवळ सगळी कामं विमानातली आहेत, दोन पंख्यांचं छोटं विमान. ते धावपट्टीवरून धावपट्टीवर जातं. दोन्ही टोकांना रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स लागतेच. तुमच्या गावाहून धावपट्टी म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्गातली चिपी नाहीतर घाट चढून कोल्हापूर. म्हणजे पेशंटला दीड ते तीन तास गाडीतून न्यायचंच आहे. आणि तेवढ्या वेळात तो एखाद्या बऱ्या रुग्णालयात पोचलेलाच असतो.

दुसरी गोष्ट, वेळेचा हिशेब. लोक विचारतात, मुंबईला किती वेळ लागेल? मी सांगते, उडायला तासभर. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा येते ती मला बघवत नाही, कारण खरा हिशेब वेगळाच असतो. फोन आल्यावर पेशंटचे कागद मागवायचे. मुंबईत खाट नक्की करायची, नाव घेऊन ज्या डॉक्टरने ‘पाठवा’ म्हटलंय तो डॉक्टर हवा. विमानाला परवानगी, छोट्या विमानतळाची वेळ संपली असेल तर ती वाढवून घ्यायची. आमचं सामान चढवायचं. तिकडे उतरून पेशंटला ताब्यात घ्यायला पाऊण तास, कारण आमचा व्हेंटिलेटर, आमचे पंप लावून तो स्थिर आहे का ते बघूनच हलवायचं. इकडे आल्यावर कलिना ते परळ पहाटे तीनला पंचवीस मिनिटं, संध्याकाळी सातला सव्वा तास. पहिल्या फोनपासून शेवटच्या खाटेपर्यंत माझ्या अनुभवात सहा-सात तास सहज जातात. त्यातला हवेतला एक.

काकांना पावणेचारला कळ आली. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की त्यामागचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. ईसीजीत तसा झटका दिसला आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती सगळ्यात उत्तम. होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे आहात तिथेच, लगेच, आणि मग तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफीसाठी मोठ्या ठिकाणी. राजापुरातून दोन तासांच्या आत कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतल्या, टेबलावर पोचणं अवघडच. म्हणजे काकांना हवं होतं ते लवकर निघालेला ईसीजी आणि एक इंजेक्शन. साडेचारला १०८ ला फोन गेला असता तर तो ईसीजी सहाच्या आत निघाला असता. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही, दादा. तुमच्या प्रेमाबद्दल मला काडीची शंका नाही. दर महिन्याला मी हेच प्रेम बघते: लांबच्या मुलाला वाटतं, जितका मोठा उपाय तितकी माझी माया. आणि पेशंट त्याची वाट बघत पडून राहतो.

१०८ बद्दल लोकांच्या मनात अढी असते, म्हणून सांगते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर असलेल्या. आणि गाडीत डॉक्टर असतो. तुमच्याकडे ती पस्तीस मिनिटांत आली, पाचलसारख्या डोंगरी भागात हे चांगलं म्हणायचं.

आता उडण्यातल्या धोक्याबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. कळसूबाई १६४६ मीटर. उंचावर उडणाऱ्या विमानात आतली हवा दाबून धरलेली असते, तरी ती साधारण २४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ असू शकते. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण ज्याचं फुप्फुस आधीच थकलंय त्याचा ऑक्सिजन झपकन उतरतो. शिवाय तिथे बंद जागेतली हवा फुगते, जवळजवळ एक तृतीयांशाने.

मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवरची गोष्ट सांगते. ट्रॅक्टर उलटलेला मुलगा, एकोणीस वर्षांचा. बरगड्या मोडलेल्या. कागदावर सगळं ठीक लिहिलेलं. मी गाडीतच त्याच्या छातीवर हात ठेवला तर डावी बाजू उजवीपेक्षा कमी उचलत होती. आमच्या डॉक्टरांनी बघितलं, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली. जमिनीवर थोडी, वर गेल्यावर तीच फुगून हृदयाला ढकलणार. छातीत नळी टाकल्याशिवाय उडायचं नाही असं ठरलं. चाळीस मिनिटं गेली. विमान समोर उभं, पंखे बंद, आणि मुलाचे वडील माझा हात धरून म्हणत होते, ‘अहो, विमान उभंय आणि तुम्ही उडत का नाही?’ त्यांच्या पायात चप्पल नव्हती, डांबर तापलेलं होतं. नळीतून हवेचे बुडबुडे बाटलीत यायला लागले तेव्हा मी त्यांना ती बाटली दाखवली. ते काही बोलले नाहीत, खाली बसले. मुलगा परळला नीट पोचला.

वर गेल्यावर माझा स्टेथोस्कोप काही कामाचा नसतो, इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. उभंही राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून मॉनिटर बघायचा आणि हाताने छाती जोखायची. श्वासनळीतल्या ट्यूबचा फुगा वर जाताना फुगतो, खाली येताना मऊ होतो, म्हणून त्याचा दाब पुन्हा पुन्हा मोजायचा किंवा त्यात हवेऐवजी सलाइन भरायचं. जे करायचं ते जमिनीवरच करून निघायचं असतं, वर फक्त सांभाळायचं.

म्हणून माझं मत: काँक्रीट नको. साडेतीन लाख सड्यावर ओतू नका. पण पर्लकोटा म्हणतात तेही खरं. पूर, दरड, मोठा अपघात अशा वेळी सरकारी हेलिकॉप्टर येऊ शकतं. कोकणाने हे बघितलंय. त्यासाठी जागा ठरवून ठेवा, बांधू नका. सडा म्हणजे मुळातच कातळ आहे. तीस मीटर बाय तीस मीटर मोकळा, सपाट तुकडा बघा. भोवती विजेच्या तारा नकोत, उंच माड नकोत. सुटी दगडं, ताडपत्र्या, गवताच्या उडव्या जवळपास नकोत. पंख्याच्या वाऱ्याने सगळं उडतं आणि तेच इंजिनात जातं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश एकदा नीट काढून तलाठी, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला लेखी देऊन ठेवा. आणि गावातल्या दोन तरुणांना एक गोष्ट पक्की शिकवा: वैमानिकाने खूण केल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही, आणि शेपटीच्या बाजूने तर कधीच नाही. शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही.

शेवटचं. ऑस्ट्रेलियात १९२८ साली क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. जॉन फ्लिन नावाच्या पाद्रीबाबांनी उभी केली. जगभर तिच्या विमानांचं कौतुक होतं. पण मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त थोर वाटतात. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून चालणारा रेडिओ बनवला, म्हणजे वीज नसलेल्या घरातून डॉक्टरला हाक मारता आली. आणि १९४२ पासून दूरदूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या, प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवरून सांगायचे, अमुक नंबरच्या गोळ्या द्या. विमान पोचेपर्यंत उपचार सुरू झालेला असायचा. तुमच्या गावाला त्या पेटीची आणि त्या हाकेची गरज आहे.

निवृत्त एमओ

रात्रपाळी ताईंनी छान लिहिलंय. मी रायगड-रत्नागिरीत प्राथमिक आरोग्य केंद्रांवर वैद्यकीय अधिकारी (एमओ) म्हणून एकतीस वर्षं काढली, आता मुलीकडे मुलुंडला असतो. थोडी भर घालतो.

तुमच्या सड्यावर हृदयविकाराइतकाच दुसरा धोका फुरसं या विषारी सापाचा आहे. कातळावर, गवत कापताना चावतं. रक्त गोठणं बंद होतं. आरोग्य केंद्रात काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर प्रतिविष सुरू. यंत्र नाही, वीज नाही, फक्त नळी काचेची हवी, प्लास्टिकची चालत नाही. मी एकेकाळी त्या नळ्या स्वतःच्या खिशात बाळगायचो. फुरसं चावलेल्या माणसाला प्रतिविष न देता मुंबईकडे धाडणं म्हणजे रस्त्यात रक्तस्राव ओढवून घेणं.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवा. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी विंचू चावलेली मुलं मरताना बघितली आणि तिथेच बसून प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग शोधला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ती मुलं मोठ्या शहरात नेऊन वाचली नाहीत. जिथे विंचू चावला त्याच तालुक्यात वाचली.

तुमच्या पैशांतून मी काय करीन ते सांगतो. बारा लीडचं, बॅटरीवर चालणारं, फोनवर पाठवता येणारं ईसीजी यंत्र. पण ते देवळात ठेवू नका आणि सरपंचांच्या घरी तर नकोच. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समितीमार्फत रीतसर द्या, साठा नोंदवहीत चढवा, म्हणजे डॉक्टर बदलून गेले तरी यंत्र जाणार नाही. सोबत दोन वर्षांचा कागद आणि जेली द्या. देणगीत आलेली कितीतरी यंत्रं मी कागदाच्या रिळाअभावी कपाटात पडलेली बघितली आहेत.

आणि ऑक्सिजन. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास. तुम्ही अणुस्कुऱ्यातून कोल्हापूरला निघालात आणि घाटात दरडीपाशी तासभर अडकलात, तर हिशेब संपला. मी एकदा असा अडकलो आहे, पेशंटचा मुलगा सिलिंडरचा काटा बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. तेव्हापासून मोजून, आणि वर एक जादा घेतल्याशिवाय कुणालाही घाटात पाठवलं नाही.

जांभ्याचा चिरा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिणं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, मध्ये थांबावं लागलं.

एक शंका आहे. बैठकीत लोक म्हणतील, उत्तराखंडात ऋषिकेशच्या एम्सने हेली-अॅम्ब्युलन्स सुरू केली, मध्य प्रदेशात आयुष्मान कार्डवाल्यांना विमान फुकट मिळतं, मग आपल्याकडे का नाही? मागणी तरी करायची की नाही?

दुसरं, पहाटे चारला फोन आला तर मुंबईत बसलेल्या मुलाने नेमकं काय करावं? मला हेच कळत नाही. हातावर हात ठेवून बसवत नाही.

रात्रपाळी

मागणी जरूर करा, आमदारांकडे लेखी करा. ऋषिकेशची सेवा २०२४ च्या २९ ऑक्टोबरला सुरू झाली, मध्य प्रदेशचीही त्याच वर्षी. सरकारने उभं केलेलं, जिल्ह्यात ठेवलेलं हेलिकॉप्टर ही गोष्ट निराळी. ते आलं तर त्यावर ड्यूटी लावून घ्यायला मी पहिली पुढे येईन. पण २०२५ च्या मे महिन्यात तेच ऋषिकेशचं हेलिकॉप्टर केदारनाथला पेशंट आणायला गेलं आणि उतरताना कोसळलं. आतले तिघे वाचले, देवाची कृपा. डोंगरात उडणं हे असं असतं. आणि ते जिथे आलं तिथेही पहिला तास जमिनीवरच्याच माणसांच्या हातात असतो.

पहाटे चारचं सांगते. १०८ चा फोन गावातूनच लावायला सांगा. घटनेजवळचा माणूस बोलला तर पत्ता, खुणा, पेशंटची अवस्था नीट सांगता येते. मुंबईतून लावलात तर तुम्ही मध्ये निरोप्या होता. तुम्ही दुसऱ्या फोनवरून शेजारच्या घराला उठवा, वाडीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन एकाला उभं करा. अंधारात गाडीची दहा मिनिटं वाडी शोधण्यात जातात. काकूंना सांगा, चालवू नका, काही खायला-प्यायला देऊ नका, चालू औषधांची पिशवी आणि जुने कागद दारात काढून ठेवा. अॅस्पिरिन द्यायची का हे १०८ च्या डॉक्टरला विचारा. रक्तस्रावाचा त्रास असेल तर चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने सांगू नका. मग तालुक्याच्या ठिकाणी फोन करून विचारा, ईसीजी आणि गुठळीचं इंजेक्शन आत्ता आहे का. नसेल तर गाडी सरळ पुढे न्यायची का, ते गाडीतल्या डॉक्टरला ठरवू द्या. त्याला ही माहिती मिळवून देणं हे तुमचं काम.

विमानाचा विचार त्यानंतर. इंजेक्शन मिळालं, पेशंट स्थिरावला, आणि तिथले डॉक्टर म्हणाले की पुढे न्यायला हवं, तर तेव्हा मला फोन करा. म्हणजे आमच्यासारख्यांना. तेव्हा आम्ही खरंच कामाचे असतो.

बाबांचा रक्तदाब-शुगर कधी तपासली होती शेवटची?

जांभ्याचा चिरा

बैठक झाली. हेलिपॅडवर बराच वेळ वाद झाला, दोन ज्येष्ठ उठून गेले, पुन्हा आले. शेवटी ईसीजी यंत्र आणि त्याचा कागद, दोन जादा सिलिंडर, काचेच्या नळ्यांचा एक खोका, एवढं मंजूर झालं. एमओ साहेब, रुग्ण कल्याण समितीचं तुमचं वाक्य जसंच्या तसं ठरावात घातलंय. उरलेले पैसे वाडीच्या तोंडाशी सौर दिवा आणि नावाची पाटी यासाठी. १०८ चा चालक तेव्हा काकूला म्हणाला होता की पाटी असती तर मागच्या वळणावरून परतावं लागलं नसतं. ते आम्हाला आत्ता आठवलं.

ताई, बाबांनी गेल्या पावसाळ्यापासून काहीच तपासलेलं नाही. या शुक्रवारी रात्री निघतोय, शनिवारी त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात जाणार.

सड्याचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलंय. काल रात्री फोनवर सांगत होते, मोट ओढायचा जुना कासरा घेऊन वर गेले होते, काकाही हळूहळू बरोबर गेले, गाडीवाटेने, तीन ठिकाणी बसत. तीस मीटर मोजायला गेले तर पूर्वेच्या टोकाला विजेची तार आडवी आली. मग पश्चिमेला देवराईच्या अलीकडचा कातळ बघितला. तिथे चारी बाजू मोकळ्या आहेत, पण एका कोपऱ्यात गुरांची दगडी दावण आहे. काका म्हणाले, ती मी काढतो. बाबा म्हणाले, तू बस, मी काढतो.